सुकतीपर्यंत थांबणारी बाई

पेडणे आणि डिचोली या दोन्ही महालांतील तमाम सुजाण नागरिकांस, तसेच नदीपलीकडच्या पाहुण्यारावळ्यांस अत्यंत गंभीरपणे व जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, कुमुदताई मृदुभाषी होत्या, असा शोध नुकताच लागला आहे. शोध लावणाऱ्यांची नावे मी देत नाही. ती सगळी माणसे हयात आहेत, आणि हयात माणसांशी भांडण्याचे खाते ताईंकडे होते, माझ्याकडे नव्हे. हा शोध वर्तमानपत्रात चांगला काळ्या चौकटीत, फोटोसकट छापून आला. ‘मृदुभाषी, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या…’ मी तो वाचला तेव्हा पेडण्याच्या बाजारातल्या हॉटेलात पातळ भाजीत पाव बुडवून बसलो होतो. पाव बशीतच राहिला आणि मी इतक्या मोठ्याने हसलो की गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला. “मास्तर, काय झालां?” मी म्हटले, “काही नाही रे. एक बाई मेली आणि जाळताना दुसऱ्याच कुणाला तरी जाळलेलं दिसतंय.”

तर ताईंची कुणी देवी करून टाकण्याआधी हे लिहितो आहे. ताई भयंकर रागीट होत्या. त्यांचा राग सकाळी केस विंचरताना सुरू होई आणि दिवे लागेपर्यंत टिके. आणि त्या गेल्यापासून तो राग कुणीतरी माझ्या घरी आणून ठेवला आहे, असे मला वाटते. तो हलत नाही.

त्या गेल्याची बातमी मला सर्वात आधी दिली ती डिचोलीहून येणाऱ्या सकाळच्या बसच्या कंडक्टरने. आमच्या शाळेच्या फाटकाशी बस थांबत नाही. त्या दिवशी थांबली. तो दारातून वाकून म्हणाला, “मास्तर, ती छत्रीवाली बाय गेली. काल सांजेक.” मग गाडी सोडायची घंटी न मारता तसाच उभा राहिला. “रोज झगडायची माझ्याकडे. म्हातारी माणसां चढूक मिळत नाय, तू घंटी कित्याक मारतस, म्हणान. आता बस कशी निवांत जाता…” आणि वर म्हणाला, “बरां दिसणां नाय.” ताईंवर इतका खरा मृत्युलेख मी दुसरा वाचलेला नाही.

ताई डिचोलीच्या. शाळामास्तरीण. घरी कोकणी बोलत, लिहीत मराठीत, आणि शिव्या पोर्तुगीजमधून देत, कारण लहानपणी दोन-तीन वर्षे त्या पोर्तुगीज शाळेत बसल्या होत्या आणि तिथले तेवढेच लक्षात राहिले होते. ‘बुर्र’ म्हणजे गाढव. हा त्यांचा सौम्य शब्द. माझी त्यांची ओळख झाली तीही एका गाढवपणामुळेच. आमची एक समिती होती म्हापशात. नाव सांगत नाही. दूरदूरच्या वस्त्यांवर बालवाडी, शिवणवर्ग, नर्सची फेरी असली कामे ती चालवी. मदत बाहेरून येई, अगदी थोडी, आणि म्हणूनच देणाऱ्यांची अट होती की दरवर्षी चार माणसांनी जाऊन काम खरेच होते आहे का, ते पाहून यावे. याला मूल्यमापन म्हणत. मी समितीवर होतो, कारण पेडण्याचा एक सभासद हवा होता आणि माझ्याकडे स्कूटर होती. तेव्हा डिचोलीकडच्या खाणीजवळ मजुरांची एक वस्ती होती, बहुतेक सावंतवाडीकडून आलेली कुटुंबे. तिथे समितीने नळ बसवला होता. आमच्या अध्यक्षांनी सकाळी आपल्या हाताने तोटी फिरवली, पाणी आले, टाळ्या झाल्या. गर्दीच्या मागून एका उंच बाईचा आवाज आला, “आता दुपारी या!” ती बाई वस्तीतल्या मुलांना शिकवायला फुकट येत असे. सगळे हसले आणि गाडीत बसले. मी मात्र दुपारी परत गेलो, खरे सांगायचे तर मजा बघायला. नळातून नुसता वारा येत होता आणि बाया लाल पाण्याच्या खड्ड्यापाशी कळशा घेऊन बसल्या होत्या. ती उंच बाई छत्री टेकून उभी होती. मला म्हणाली, “आलात? म्हणजे थोडे मूर्ख आहात. शहाणी माणसं या वेळी जेवून झोपतात.”

मी त्यांचे नाव समितीला सुचवले. अध्यक्षांनी लगेच मान्य केले. निवृत्त शिक्षिका, एकटी बाई, म्हणजे गप्प बसून सही करणार, असा त्यांचा हिशेब. माणूस हुशार होता, पण बाईंच्या बाबतीत त्याचे अंदाज नेहमी असेच निघत.

आता धाकट्या जुव्याविषयी. आमच्याकडे नदीतल्या बेटाला जुवे म्हणतात. चोपड्याच्या वरच्या अंगाला शापोरा नदी पसरट होते, तिथे हे जुवे आहे. मूठभर घरे, माड, खाऱ्या मातीतले भात आणि सभोवार खारफुटी. भरती असली की होडी थेट रुक्मिणीच्या घराच्या खळ्यापाशी, म्हणजे अंगणापाशी लागते. रुक्मिण ही तिथली जाणती बाई. तिचे घर काठावरचे पहिले, म्हणून जुव्यावर जो येईल तो आधी तिचा पाहुणा. पण ओहोटी लागली, आमच्या भाषेत सुकती झाली, की नदी आपली मधल्या पट्ट्यात जाऊन बसते आणि जुवे व पाणी यांच्यामध्ये चिखलाचे एक मोठे मैदान उघडे पडते. मांडीपर्यंत पाय जातो. आत शिंपल्या असतात, त्या सुरीसारख्या कापतात. होडी चालत नाही, माणूस चालत नाही. पाणी परत येईपर्यंत जुव्यावरचा माणूस जुव्यावर आणि पलीकडचा पलीकडे. हे रोजचे.

आणि हे समितीला ठाऊक नव्हते! हसू नका. वर्षानुवर्षे समितीची माणसे त्या बेटावर जाऊन आली, आणि त्यांतल्या एकानेही सुकती पाहिलेली नव्हती. कारण जुव्यावरच्या लोकांची एक रीत. पाहुण्याच्या पायाला चिखल लागता कामा नये. लागला तर आख्ख्या जुव्याची नाचक्की. म्हणून पाहुण्याला भरतीच्या वेळीच आणायचे आणि पाणी फिरायच्या आत पोचवायचे. मध्ये शहाळे, हार, बालवाडीचे गाणे आणि भाषणे. आता भाषण करणाऱ्या पाहुण्याला ‘पुरे करा’ असे सांगणार कोण? तर जानू तारी, म्हणजे होडीवाला, मांडवाच्या कडेला उभा राहून खोकायचा. पाणी फिरले की पहिला खोकला, साधा. मग जरा जोराचा. तिसरा असा की वक्ता आपोआप ‘शेवटी एवढेच सांगतो’वर येई. पाहुणे कोरड्या बुटांनी होडीत बसत. आमच्या एका वर्षीच्या अहवालात तर चक्क अशी शिफारस आहे की, बेटावरील नावाड्यास जुनाट खोकला असून त्याच्या छातीची तपासणी करावी. जानूला म्हापशाला नेऊन छातीचा फोटोसुद्धा काढला. छाती खणखणीत निघाली. तो उपचार मग आरोग्य कार्यक्रमाचे यश म्हणून नोंदला गेला…

ताई पहिल्यांदा जुव्यावर आल्या तेव्हा मी बरोबर होतो. पाहायचे होते ते नर्सच्या फेरीचे काम. पलीकडच्या गावातली नर्स होडीने येऊन पोटुशा बायांना तपासते, आणि दिवस भरले की बाईला होडीनेच पलीकडे नेतात, असा कार्यक्रम. कागदावर झकास. हार झाले, शहाळी झाली, जानू खोकला. ताईंनी पिशवीतून लवंग काढून त्याला दिली. जानू दुसऱ्यांदा खोकला. ताईंनी आणखी एक दिली. तिसऱ्यांदा खोकला तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, इतका खोकतोस तर घरी जाऊन पड की!” जानू बिचारा हात जोडून म्हणाला, “खोकलो माझो नाय, बाय. पाण्याचो. पाणी चललां.”

“जाऊ दे. मला कुठे जायचंय?”

जुव्यावर असा आकांत मी पाहिला नव्हता. रुक्मिण पदर तोंडाला लावून पुढे आली. “असां करू नकात, बाय. तुमचे पाय भरतले. आमची लज जातली.” ताई खळ्यातल्या कदेलवर, म्हणजे लाकडी खुर्चीवर, छत्री मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी स्कूटरची चिंता करत बसलो. आणि हळूहळू, कुणी साडीचा पदर ओढून घ्यावा तशी नदी समोरून निघून गेली. खाली जे होते ते दिसले. ताई उठल्या. चपला काढल्या, पडवीच्या खांबाला खिळा होता त्याला टांगल्या, निऱ्या खोचल्या आणि सरळ चिखलात उतरल्या. दोन-चार पावलांतच गुडघ्याच्या वर गेल्या. मग तिथेच उभ्या राहून पलीकडच्या काठाकडे पाहत राहिल्या. पलीकडे नर्सचे कौलारू घर दिसत होते. अंगणातले वाळत घातलेले कपडे दिसत होते. मागे न वळता त्यांनी विचारले, “रुक्मिण, आता या घडीला कुणाला कळा सुरू झाल्या तर?”

रुक्मिण म्हणाली, “थांबतत.”

“कोण थांबतं? कळा?”

 ताईंना हात धरून वर काढले, तेव्हा रुक्मिण तांब्या घेऊन आली आणि त्यांचे पाय धुऊ लागली, आणि धुताना शरमेने रडत होती. ताई तिच्यावरच ओरडल्या, “रडतेस काय? हा चिखल मला नाही, त्यांना दाखवायला हवा! चांगल्या माणसांनो, तुमच्या या आदरातिथ्याने तुम्ही मरणार आहात!” रुक्मिण हुंदका देऊन म्हणाली, “मरू दे. पण पावण्याचो पाय भरता कामा नये.”  

उपाय साधा होता. खळ्यापासून खोल पाण्यापर्यंत चिऱ्यांचा एक धक्का. त्यावरून माणूस सुकतीतही चालत होडीपर्यंत गेला असता. त्या वर्षी समितीकडे एक छोटी रक्कम शिल्लक होती, तेवढ्यात धक्का झाला असता. एका कामापुरतीच होती. ताईंनी अहवालाच्या शेवटी मत लिहिले, एकच वाक्य: ‘कार्यक्रम भरतीच्या वेळी यशस्वी आहे.’ खाली धक्क्याची मागणी. समितीने ते वाक्य छापले. छापताना दोन शब्द गाळले. ‘कार्यक्रम यशस्वी आहे.’ मग अर्थातच, कार्यक्रम यशस्वी असल्यामुळे धक्क्याची गरज उरली नाही, आणि शिल्लक रकमेतून जुव्याच्या काठावर पाहुण्यांच्या स्वागतासाठी एक कमान बांधावी असे ठरले.

होय, कमान! मीही त्या सभेत ओरडलो. ताईंनी टेबलावर छत्री आपटली. अध्यक्ष अगदी शांतपणे म्हणाले, “ताई, निधीच्या मर्यादा असतात.” हे वाक्य ज्याने प्रथम शोधून काढले त्याला शोधून काढून सुकतीत उभा केला पाहिजे. धक्क्याला मर्यादा होत्या. कमानीला नव्हत्या.

पुढची गंमत ऐका. ते दिवस भाषावादाचे होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत जेवणाची ताटे बाजूला सारली जात होती. भाऊ भावाशी बोलत नव्हता, आणि बोलायचे नाही हे कुठल्या भाषेत सांगायचे यावरूनही भांडत होता. कमानीवर पाटी लावायची होती. अर्धी समिती म्हणाली, ‘सुस्वागतम्’. अर्धी म्हणाली, ‘येवकार’. एकाने चहा पिता पिता इंग्रजी सुचवली, तेव्हा दोन्ही बाजू एक होऊन त्याच्यावर तुटून पडल्या. त्या वर्षातला समितीचा हा एकमेव एकमताचा ठराव. सभेमागून सभा त्या पाटीवर गेली. ताई म्हणाल्या, “आधी माणूस चिखलातून वर येऊ द्या. मग त्याचं स्वागत तुम्हाला हव्या त्या भाषेत करा.” झाले. मराठीवाले म्हणाले, बाई कोकणीवाली आहे. कोकणीवाले म्हणाले, मराठीची हस्तक आहे. दोन्हीकडून दगड आले. एक तर खरोखरचा, त्यांच्या डिचोलीच्या घराच्या जनेलावर. खिडकीची काच फुटली. ताईंनी तिथे पुठ्ठा लावला आणि मोठ्याने सांगत फिरल्या, “दगड कुठल्या भाषेत होता ते ओळखू आलं नाही.”

आणि याच दिवसांत, पाटीवरच्या दोन सभांच्या मधे, शेवंतीला कळा सुरू झाल्या.

शेवंती ही रुक्मिणीची सून. ताई त्या दिवशी जुव्यावर होत्या. मी दुपारी त्यांना आणायला पलीकडच्या काठावर पोचलो, तर नर्स तिथे आपली पेटी घेऊन उभी. समोर, पाण्याच्या पल्याड, जुव्याकडच्या चिखलात होडी बसलेली. पाणी ओसरायच्या आत पोचू असे समजून जानूने शेवंतीला घेऊन होडी घातली होती आणि सुकतीने त्यांना अर्ध्यात गाठले होते. माणसे मांडीपर्यंत रुतून होडी ढकलत होती. होडी हलत नव्हती. शेवंतीला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण ज्याने घेतले तोच खाली जाऊ लागला. होडीच्या बाजूला ताई कमरेपर्यंत चिखलात उभ्या होत्या आणि शेवंतीवर उन्हाची छत्री धरून होत्या. इतके जवळ होते ते सगळे की मला त्यांचे बोलणे ऐकू येत होते. नर्स इकडून ओरडून काय करायचे ते सांगत होती. रुक्मिण करत होती. नर्स त्यांच्याकडे जायला खाली उतरली, दोनदा उतरली, दोनदा आम्ही तिला ओढून काढले… मूल होडीत झाले. नर्स ओरडत राहिली, “पाय धरून उलटं करा, पाठीवर चापट मारा!” आम्ही सगळे कान देऊन उभे. मूल रडले नाही.

मग पाणी आले. नेहमीच्या वेळी, नेहमीसारखे. होडी आपोआप तरंगली.

ताई काठावर उतरल्या. शेवंतीला नर्सच्या घरी पोचवले. ताई माझ्या स्कूटरवर बसल्या, पेडण्यात माझ्या घरी आल्या, माझ्या बायकोने पाणी तापवले तर ‘नको’ म्हणाल्या. साडी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच, वाळून खपली धरलेल्या चिखलाच्या साडीत म्हापशाला समितीच्या सभेला गेल्या आणि अध्यक्षांच्या गादीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. अध्यक्ष आले, उभेच राहिले. ताईंनी जे घडले ते सांगितले. आवाज न चढवता सांगितले. हाच तो एक प्रसंग; मृदुभाषीपणाचा पुरावा हवाच असेल तर तो.  मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, “ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण मूल्यमापनात भावना आणून चालत नाही. आणि खरं सांगायचं, आम्ही गेलो होतो तेव्हा पाणी होतं.”

त्यानंतर ताई जे बोलल्या ते पोर्तुगीजमध्ये होते. भाषांतर मी करणार नाही.

कमान झाली. पाटीचा वाद मिटला नाही म्हणून कोरी राहिली. आजही कोरी आहे. पुढे आमच्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला. पलीकडच्या काठावर फटाके उडाले, ते जुव्यावरून छान दिसले. रुक्मिणीने ताईंना विचारले, “आता राज्य झालां. म्हणजे धक्को जातलो मगे?” ताई म्हणाल्या, “ओरडत राहिलो तर होईल.” आणि ओरडत राहिल्या. दर अधिवेशनाला अर्ज, दर नव्या मंत्र्याच्या दारात छत्री. समितीने त्यांना काढून टाकले, हे सांगायला नकोच. मी आपणहून बाहेर पडलो, त्यात शौर्य काही नव्हते. ताईंशिवाय त्या सभांना करमणूकच उरली नव्हती. ताई मात्र जुव्यावर जात राहिल्या. लोकांना घेऊन चिरे टाकायला लागल्या. दर उन्हाळ्यात थोडे टाकायचे, दर पावसाळ्यात नदी ते गिळायची. जायच्या त्या मुद्दाम सुकती लागायच्या बेताला, म्हणजे होडीतून उतरताना चिखलच. रुक्मिणीच्या पडवीतल्या खांबावर त्यांच्या जुन्या चपलांचा एक जोड कायमचा टांगलेला असे. चिखलातून यायचे, पाय धुवायचे, त्या कोरड्या चपला पायात घालायच्या. रुक्मिणीने पाय धुताना रडणे कधीच सोडले होते. आता ती भांडायची. “म्हातारपणी मोडतलस खंयतरी, मगे आमच्या नावान खडे!” ताई म्हणायच्या, “तू घास नीट, टाचेकडे राहिलंय.”

शेवटच्या आजारात मी डिचोलीला भेटायला गेलो. खाटेवरच्या ताई लहानशा दिसत होत्या, पण डोळे तेच. जनेलाला अजून पुठ्ठा होता. मला म्हणाल्या, “शेवंतीला परत दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. कळलं का?” मी म्हटले, कळले. “मग इथे काय बसलात? जा, कुणाच्या तरी डोक्यावर बसा.” हे त्यांचे मला शेवटचे शब्द. मी त्यांचे ऐकले असे म्हणवत नाही, पण परवा संधी चालून आली.

झाले असे की समितीने ताईंची शोकसभा जुव्यावरच घ्यायचे ठरवले. ज्यांनी काढले त्यांनीच. काळ्या चौकटीतला मृदुभाषीपणाही त्यांचाच. अध्यक्ष तेच, आता केस पांढरे आणि बूट चकाकते. भरतीच्या वेळी सगळे आले, कोऱ्या कमानीखालून रुक्मिणीच्या खळ्यात बसले. पडवीच्या खांबाला टेकून ताईंचा फोटो, त्याच्या वर खिळ्याला त्या चपला. दारात शेवंती, आठवा संपत आलेला, उंबऱ्याला हात धरून उभी. अध्यक्ष बोलले. ताईंच्या अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नाविषयी बोलले, तेव्हा मला वाटले, आता हा माणूस धक्का म्हणणार. जुव्यावरची सगळी माणसे पुढे झुकली. शेवंतीसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, “ताईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ या कमानीचे सुशोभीकरण करण्याचा निर्णय समितीने घेतला आहे.”

समितीने टाळ्या वाजवल्या. जुव्यावर कुणी वाजवल्या नाहीत.  मी सवयीने जानूकडे पाहिले. पाणी फिरले होते, काठावरच्या मुळ्या उघड्या पडू लागल्या होत्या. हीच त्याची वेळ. जानू मांडवाच्या कडेला उभा होता, विडा चघळत, माडाच्या शेंड्याकडे पाहत. खोकत नव्हता. माझी नजर त्याला भेटली. मेल्याने पापणीसुद्धा हलवली नाही.

मग मी उठलो आणि म्हटले, “दोन शब्द मलाही बोलायचे आहेत.” वाचकहो, मी आयुष्यात बरीच लांब भाषणे केली आहेत, शाळेतली मुले साक्ष देतील. पण त्या दिवशीसारखे नाही. नळापासून सुरुवात केली. लवंगा सांगितल्या. कंडक्टर सांगितला. पुठ्ठा सांगितला. मधे मधे पाणी प्यालो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले की मी त्यांचेच कौतुक सुरू करायचो, मग त्यांना उठता येईना. जुव्यावरची माणसे ढिम्म बसली होती, आणि माझ्या पाठीमागे नदी हळूहळू निघून चालली होती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होते. रुक्मिणीने दोनदा उठायचा प्रयत्न केला, आयुष्यभराची रीत तिला बसू देईना. दोनदा शेवंतीने सासूचा पदर धरून तिला खाली बसवले.

अखेर माझा घसाच बसला. अध्यक्ष उठले, नमस्कार केले, कमानीखालून बाहेर गेले आणि थांबले. समोर चिखल. लांब, चिखलाच्या पार मधोमध, वाकडी बसलेली होडी.

“जानू,” ते म्हणाले, “पाणी कुठे गेलं?”

इतकी वर्षे या बेटाचे मूल्यमापन करणारा माणूस विचारतो, पाणी कुठे गेलं! जानूने विडा थुंकला आणि अदबीने म्हणाला, “येतलां, सायबानू. सांजेक.”

पलीकडे त्यांची गाडी उभी होती, म्हापशात दुसरी सभा होती. ताईंनी चिरे टाकले होते त्यातला एक वर डोकावत होता. त्यावर पाऊल ठेवून पुढे जाता येईल असे त्यांना वाटले असावे. ठेवले. चिरा नदीने केव्हाच पोकळ केला होता. तो कलला, आणि अध्यक्ष उभ्याने गुडघ्यापर्यंत आत गेले, चकाकत्या बुटांसकट. एक पाय वर आला तो नुसत्या मोज्यात.

मी शपथेवर सांगतो, मला हसू आले नाही. कुणालाच आले नाही. सगळे जुवे नुसते बघत उभे राहिले. रीत मोडली होती, डोळ्यांदेखत, आणि पुढे काय करायचे ते कुणालाच माहीत नव्हते. रुक्मिण मात्र सवयीने धावली. पडवीतून पाण्याचा तांब्या उचलला, खांबापाशी आली. आणि तिथेच थबकली. वर त्या चपला लोंबत होत्या. तिने एकदा चिखलाकडे पाहिले, एकदा दारातल्या शेवंतीच्या पोटाकडे. तांब्या खाली ठेवला, चपलांकडे मान वर केली, आणि साऱ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली,

“बघ गो कुमुदबाय, भरले मेल्याचे पाय एकदाचे!”